काइझेनचं वजन

२९ मार्च २००८, शनिवार. इचिकावा

आजपासून रोजनिशी. इथलं आर्थिक वर्ष एक एप्रिलला सुरू होतं, मी त्याआधीच सुरुवात केली. इनिशिएटिव्ह म्हणतात तो हाच. वाचणारं कोणी नाही, त्यामुळे खरं तेच लिहायचं.

आज एक जबाबदारी अंगावर घेतली. शेजारच्या फ्लॅटमधला विद्यार्थी खोली सोडून सेंदाईला गेला. सामान नेलं, मांजर नेलं नाही. सायकली लावायच्या शेडमध्ये, एका खोक्यात, ते घरमालकीण ओता-सान यांना सापडलं. जेमतेम सात-आठ महिन्यांचं असेल. बरगड्या दिसतात. एक डोळा चिकटलेला. ओरडायला तोंड उघडतं, पण आवाज येत नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये प्राणी पाळायला परवानगी नाही. पण ओता-सान म्हणाल्या, बरं होईपर्यंत कोणी ठेवलं तर मला काही दिसलं नाही असं मी समजेन. मी सर्व बाजूंनी विचार करत होतो, तेवढ्यात माझी बायको नयना त्याला ओढणीत गुंडाळून वर घेऊनही गेली. निर्णय अर्थात माझाच. तिने फक्त अंमलबजावणी केली.

नाव ठेवलं काइझेन. म्हणजे सतत सुधारणा. जपानी कंपन्यांत भिंतीवर लावलेलं असतं. नयना त्याला बाय म्हणते. त्यांच्या देवगडला लाडक्या मुलीला असं म्हणतात. मी समजावून सांगितलं की हा बोका आहे, चेहऱ्यावरून कळतं. ती काही बोलली नाही. पटलं असावं.

३० मार्च, रविवार

प्लॅन तयार. टार्गेट: तीन किलो. आहार: सकाळी दूधपोळी, दुपारी मऊ वरणभात, वर साजूक तूप. पुण्यात आमच्या गल्लीतली सगळी मांजरं दूधपोळीवर वाढली. एकानेही कधी मासा मागितला नाही. (नयना म्हणाली, गल्लीत मासे होते कुठे मागायला? हा मुद्दा नव्हता.)

आमच्या घरात मासे येत नाहीत. आईचा नियम आहे आणि तो मी जपानमध्येसुद्धा मोडलेला नाही. समुद्रात राहून कोरडं राहण्यासारखंच ते. नयनाचं कौतुक करायला हवं. माहेर समुद्रासमोर, पण लग्न झाल्यावर तिने मासे असे सोडले की जणू कधी खाल्लेच नव्हते. दहा वर्षांत एक शब्द नाही. मी तिच्यावर कसलीही सक्ती केली नाही याचं मला समाधान आहे. फक्त अपेक्षा सांगितली होती.

वजन करण्याची पद्धत माझी. मांजर काट्यावर स्थिर उभं राहत नाही. मग मी त्याला घेऊन उभा राहतो आणि आलेल्या आकड्यातून माझे अडुसष्ट वजा करतो. मी कॉलेजपासून अडुसष्ट आहे. उत्तर: एक किलो सहाशे. नयना म्हणाली, तू आधी एकटा उभा राहून बघ ना. गरज नाही म्हटलं. जे माहीत आहे ते पुन्हा कशाला मोजायचं?

१ एप्रिल, मंगळवार

ऑफिसात नवीन वर्षाची भाषणं. या वर्षापासून सरकारी नियम आला आहे: चाळिशीच्या वरच्या सगळ्यांची हेल्थ चेकअपला कंबर मोजणार. जाहीर झाल्यावर टीममधल्या नरेंद्रने माझ्याकडे पाहिलं. माझं मत हवं असेल. मी म्हणालो, उपक्रम स्तुत्य आहे, काही लोकांना गरजच आहे.

त्याला काइझेनबद्दल सांगितलं. तो म्हणाला, अहो सर, मांजराला वरणभात? मासे द्या की. मी म्हणालो, हा समज आहे. तो म्हणाला, समज मांजराचा आहे सर, माझा नाही. मुलगा हुशार आहे, पण बोलताना भान ठेवत नाही.

५ एप्रिल, शनिवार

सगळं ऑफिस साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायला नदीकाठी गेलं. मी गेलो नाही. काइझेनला एकटं कसं सोडायचं? आमंत्रणाची मेल मला आलीच नव्हती हे वेगळं.

तो वरणभाताला तोंड लावत नाही. लाजतो. अन्न टाकायचं नाही हा संस्कार असल्यामुळे त्याचं ताट मी संपवतो. तूप चांगलं आहे. दूध मात्र तो पितो, मग बाथरूमच्या पायपुसण्यावर घाण करतो. शरीरातली अशुद्धी बाहेर पडते आहे.

९ एप्रिल, बुधवार

महत्त्वाचा शोध. नयना स्टेशनजवळच्या सुपरमार्केटमध्ये अरुबाइतो करते, म्हणजे पार्टटाइम. भाजी विभागात असणार. विचारायची वेळ आली नाही. कामावरून येते तेव्हा तिच्या हातांना लिंबाचा वास येतो. आज ती दारात चपला काढते न काढते तोच काइझेन धडपडत आला आणि तिची बोटं चाटायला लागला. एकेक बोट. नखांच्या कडासुद्धा. मी तिला विचारलं, तू रोज लिंबाने हात धुतेस का? हो म्हणाली. का, म्हटलं. म्हणाली, बरं वाटतं.

निष्कर्ष उघड आहे. प्राण्याला व्हिटॅमिन सीची कमतरता आहे.

१० एप्रिल, गुरुवार

वरणभातावर अर्धं लिंबू पिळलं. काइझेनने वास घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि वॉशिंग मशीनच्या मागे गेला. संध्याकाळपर्यंत तिथेच. पहिल्या डोसला शरीर विरोध करतंच.

ताट संपवलं. लिंबाने चव वाढली होती.

१३ एप्रिल, रविवार

वजन: दोन किलो चारशे! पंधरवड्यात आठशे ग्रॅम. नयनाला हाक मारून आकडा दाखवला. तिने काइझेनला उचललं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि म्हणाली, अरे, ही तर हाताला पिसासारखी लागते. मी म्हणालो, हाताला काय लागतं यावर जग चालत नाही, डेटा बघ. तिने डेटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे, म्हणजे साधारण मधल्या भागाकडे. मग चहा टाकायला गेली.

१६ एप्रिल, बुधवार

एकादशी. घरात दुसरं काही शिजलेलं नव्हतं, म्हणून काइझेनलाही साबुदाण्याची खिचडी, मिरची काढून. त्याने एक साबुदाणा पंजाने लांबवर ढकलला आणि त्याच्या मागे दोन पावलं चालला. व्यायाम सुरू झाला हे चांगलं लक्षण.

माझी एक वाटी आणि त्याची एक वाटी. उपास असूनही अशक्तपणा जाणवला नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

क्लायंटकडच्या किकुची-सान यांच्याकडे तीन मांजरं आहेत असं कळलं. मीटिंग संपल्यावर त्यांना काइझेनच्या आहाराची माहिती दिली. पारंपरिक भारतीय पद्धत म्हणून सांगितलं. त्यांनी मान तिरकी केली आणि दातांमधून बराच वेळ हवा आत ओढली. इथली माणसं प्रभावित झाली की असं करतात. आमच्या डिझाइनच्या प्रेझेंटेशनलाही असंच झालं होतं. त्यानंतर ते डिझाइन बदललं गेलं, पण त्याची कारणं वेगळी होती.

ऑर्कुटवर काइझेनचा फोटो टाकला. खाली लिहिलं: प्रगतिपथावर. नरेंद्रची कॉमेंट: सर, हा आधीचा फोटो का?

२२ एप्रिल, मंगळवार

ऑफिसची पँट लाँड्रीवाल्याने आटवून ठेवली आहे. इथलं पाणीच तसं. दुसरी घातली. तीही त्यानेच धुतली होती.

२६ एप्रिल, शनिवार

वजन: तीन किलो नऊशे!! टार्गेटच्या पुढे. ओता-सान यांना कळवायचं ठरवलं आहे की काम पूर्ण झालं.

काइझेन आज उठला नाही. एका अंगावर पडून आहे. एवढ्या वेगाने वजन वाढलं की थकवा येणारच. नयनाने मात्र कामावर फोन करून सुट्टी घेतली आणि दिवसभर त्याला कापसाच्या बोळ्याने पाणी पाजत बसली. मी समजावलं की आकडे बघता काळजीचं कारण नाही. ती म्हणाली, सुशील, तू आता गप्प बस. दहा वर्षांत ती मला असं कधी बोलली नव्हती. थकली असेल.

२७ एप्रिल, रविवार

नीट लिहायला हवं.

सकाळी नयनाने मला विचारलं नाही. काइझेनला टॉवेलमध्ये गुंडाळून सायकलच्या बास्केटमध्ये ठेवलं आणि प्राण्यांच्या दवाखान्यात निघाली. मी मागून धावत गेलो. तिथे पोहोचेपर्यंत मला धाप लागली होती, तेव्हा रिसेप्शनवरच्या मुलीने पाणी आधी मला दिलं.

डॉक्टरांनी काट्यावर ठेवलं. सव्वा किलो.

मी म्हणालो, तुमचा काटा बिघडला आहे. त्यांनी शांतपणे एक किलोचं वजन काट्यावर ठेवलं. एक किलो. मी म्हणालो, घरी कालच तीन किलो नऊशे भरला. मग त्यांनी विचारलं, खायला काय देता? मी सांगायला लागलो. लिंबापर्यंत आल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि पुढचं सगळं ते नयनाशीच बोलले. ती भराभर जपानीत उत्तरं देत होती. मला एवढं जपानी येत नाही हे आज तिथे लक्षात आलं. तिला येतं हेही.

तिने मला नंतर सांगितलं ते असं. हा मांसाहारी प्राणी आहे. दूध त्याला पचत नाही, जुलाबाने अंगातलं पाणी गेलं आहे. सलाइन लावलं. दोन-तीन दिवसांत खायला लागली तर जगेल, नाहीतर नाही. उकडलेला मासा, मीठ न घालता, थोडा थोडा. आणि बोका नाही. मांजरी आहे.

घरी आल्यावर काट्यावर एकटा उभा राहिलो. सत्तर किलो सहाशे.

बदलणारी गोष्ट कायमची धरून कोडमध्ये लिहून ठेवली की ज्युनिअर मुलांना मी सगळ्यांसमोर झापतो. इथे मी तेच केलं. महिनाभर मी माझंच वजन मोजत होतो, आणि ती माझ्यासमोर वाळत होती. फार वाईट वाटलं. तिच्याजवळ जाऊन बसलो. तिने डोळासुद्धा उघडला नाही.

२८ एप्रिल, सोमवार

काल जरा भावनेच्या भरात लिहिलं. शांतपणे पाहिलं तर हा सामूहिक चुकीचा प्रकार आहे. असो. पुढचं पाहायचं.

मोठा निर्णय घेतला. घरात मासे येऊ देणार. नयनाला समोर बसवून सांगितलं की माझ्यासाठी हे सोपं नाही, आईला काय सांगायचं तेही मी बघून घेईन, पण जीव वाचवण्यासाठी मी तत्त्वाला मुरड घालायला तयार आहे. अटी: भांडं वेगळं, सुरी वेगळी, शिजवायचं बाल्कनीत. आणि तिला त्रास होणार असेल, जुनी आठवण वगैरे, तर तिने त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसावं.

नयना मांजरीच्या कानामागे खाजवत सगळं ऐकत होती. शेवटी म्हणाली, बाल्कनीत गॅस पेटवला तर ओता-सान फायर ब्रिगेड बोलावतील. ही अट काढली.

मासे मी आणते म्हणाली. मी नाही म्हटलं. नियम मी मोडतोय, तर आणायलाही मीच जाणार. ती दोनदा म्हणाली, नको रे, मी येताना आणते ना. तिला या सगळ्यात ओढायचं नाही असं मी ठरवलं आहे.

२९ एप्रिल, मंगळवार. सुट्टी

दुपारी गेलो. नयना कामावर होती. तिच्याच सुपरमार्केटमध्ये गेलो, कारण दुसरं मला माहीत नाही. भाजी विभाग टाळून मागच्या बाजूने शिरलो, म्हणजे तिला दिसायला नको.

माशांच्या काउंटरपाशी पोहोचलो. काचेपलीकडे पांढरी टोपी, तोंडाला मास्क, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली एक बाई पाठमोरी उभी राहून मासे साफ करत होती. मी खिशातला कागद काढला आणि तयार करून नेलेलं जपानी वाक्य म्हटलं: माझी मांजर आजारी आहे, आम्ही शाकाहारी आहोत, शक्यतो वास नसलेला मासा द्यावा.

बाईचा हात थांबला. मागे न वळता ती मराठीत म्हणाली, वास नसलेला मासा कुठे असतो रे? तारा मासा घेऊन जा. मऊ असतो, काटे कमी.

तिने वळून पाहिलं. मास्कच्या वर नयनाचे डोळे होते.

तेवढ्यात तिचे विभागप्रमुख आले. मी तिचा नवरा आहे कळल्यावर त्यांना फारच आनंद झाला. दोन्ही हातांनी माझा हात हलवत, मला कळावं म्हणून सावकाश म्हणाले, नयना-सान आमच्याकडे दोन वर्षं आहेत. उरलेले मासे आम्ही दुपारी भाजतो. त्या जेवायला बसल्या की बघणाऱ्यालाही भूक लागते. तुम्ही घरी फारच भाग्यवान असणार, रोज बघायला मिळत असेल.

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तिने तारा कापून, कातडी काढून, पुडी बांधून दिली. ग्लोव्ह्ज काढले, बेसिनपाशी अर्धं लिंबू ठेवलेलं होतं त्याने हात चोळले, आणि म्हणाली, घरी जाऊन उकड, मी सहाला येते. मला त्या लिंबाकडे बघवेना.

घरी येऊन उकडला. बोटाने कुस्करून मांजरीसमोर धरला. नाक हललं, पण तोंड उघडलं नाही. पुन्हा धरला. मी तिला काइझेन, काइझेन म्हणून हाका मारल्या. शेवटी बाय म्हणूनही मारली. माझ्याकडून काही घ्यायचं नाही असं तिने ठरवलं असावं. ठरवलं असेल तर तिचं काय चुकलं?

सहा वाजता नयना आली. मांडी घालून बसली, एक कण उचलला आणि मांजरीच्या ओठाला लावला. खाऊन बघ गो बाय, असं काहीतरी तिच्या माहेरच्या बोलीत पुटपुटत राहिली. बायने जीभ बाहेर काढली. एकदा चाटलं. मग दुसरा कण खाल्ला. मग तिसऱ्यासाठी नयनाचं बोट धरलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. चष्म्यावर वाफ आली होती म्हणून डोळे पुसले.

६ मे, मंगळवार. गोल्डन वीकच्या सुट्ट्यांचा शेवट

बाय उभी राहते. आज पडद्यावर चढायला गेली आणि पडदा घेऊन खाली आली. पडदा मी शिवून लावला.

नयनाला विचारलं, मला सांगितलं का नाहीस? म्हणाली, तू विचारलं नाहीस. म्हटलं, विचारलं असतं तर? ती म्हणाली, तर सांगितलं असतं, आणि मग तू अपेक्षा सांगितली असतीस.

२१ मे, बुधवार

हेल्थ चेकअप. नर्सने कंबरेभोवती टेप लावली. मी श्वास आत घेतला. ती म्हणाली, श्वास सोडा. मी म्हणालो, सोडलाय. तिने वाट पाहिली. इथल्या लोकांना चिकाटी फार. पंच्याऐंशी सेंटीमीटरची मर्यादा आहे, मी चांगलाच पुढे गेलो आहे. सहा महिने मार्गदर्शन. तूप बंद, भात निम्मा, उकडलेल्या भाज्या. माझं वजन आता दुसरे लोक मोजणार, माझ्या पद्धतीने नाही.

नरेंद्रने विचारलं, सर, मांजर कशी आहे? म्हटलं, उत्तम. तो म्हणाला, आणि तुम्ही?

८ जून, रविवार

सकाळी ओता-सान मांजर बघायला आल्या. डॉक्टरांच्या काट्यावर बाय आता अडीच किलोची आहे. डोळे स्वच्छ, अंगावर केस दाट, आवाज इतका मोठा की खाली ऐकू जातो. ओता-सान यांनी तिला उचललं, वजन हाताने पाहिलं आणि म्हणाल्या, मला अजून जरा अशक्त वाटते, पुढची दहा-बारा वर्षं तरी लक्ष ठेवायला हवं. नयना त्यांना वाकून नमस्कार करत राहिली. मीही वाकलो. कंबरेत अडचण झाली.

मी ठरवलं होतं की आज या प्रोजेक्टचा क्लोजर रिपोर्ट इथे लिहायचा. काय शिकलो, वगैरे. दोनदा सुरुवात केली आणि दोनदा खोडलं.

दुपारी नयनाने घरात पहिल्यांदा बांगड्याचं कालवण केलं. आपल्या भांड्यात, आपल्या गॅसवर. तिरफळं घातली. ती तिने डब्यात कधीपासून जपून ठेवली होती कोण जाणे. मला म्हणाली, तुला वास सहन होणार नाही, तू बाल्कनीत बस. मी माझा उकडलेला दुधी घेऊन बाल्कनीत बसलो. थोड्या वेळाने ती म्हणाली, ये आत, डास चावतील.

आत गेलो. नयना बोटांनी काटा सोडवत होती आणि जेवताना तिचे डोळे अर्धे मिटत होते. बाय तिच्या मांडीला टेकून स्वतःच्या ताटलीत तोंड घालून बसली होती. नयना इतक्या चवीने जेवते हे मी आज पहिल्यांदा पाहिलं. सुपरमार्केटमधल्या सगळ्यांनी माझ्या आधी पाहिलं आहे.

मी विचारलं, आणखी भात वाढू?

तिने मान वर केली. मग म्हणाली, वाढ.

मी वाढला.